१९६७ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे कार्ब्युरेटर मूळचेच आहेत का, हे कसं ओळखायचं?
आधी चॅसी नंबर बघा. कारखान्यातले बदल वर्षाप्रमाणे नाही, तर चॅसी किंवा इंजिन नंबरपासून लागू व्हायचे; पार्ट्स लिस्टमध्ये ते तसेच छापलेत. एसयू कंपनीच्या दीड इंची एचएस४ कार्ब्युरेटरची जोडी असायला हवी. फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवणारी छोटी टाकी) झाकणाच्या स्क्रूखाली धातूची छोटी पट्टी असते, तिच्यावरचा 'एयूडी'ने सुरू होणारा नंबर लिस्टशी जुळवा. पट्टी बहुतेक वेळा कुणीतरी हरवलेली असते! मग नीडल (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई) काढून तिच्या दांड्यावरचा कोड वाचा, पण नीडल कुणीही बदलू शकतं, म्हणून तो पुरावा कच्चाच. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचा हेरिटेज दाखला गाडी कधी बनली ते सांगतो, त्यावरून लिस्टमधली नोंद शोधणं सोपं जातं. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र त्यातल्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्या.