दहावीला ६४ टक्के पडलेल्या मुलाला आयटीआयला टाकू का? आयटीआयला लोक इतकं कमी का लेखतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाला स्वतःलाच फिटर, म्हणजे यंत्रांचे भाग घडवून जोडणारा कारागीर, व्हायचंय, पण त्याच्या मामांनी फोनवर "एवढी काय वेळ आली?" असं विचारलं आणि तेव्हापासून तुमचं मन डळमळलंय. १९९४ साली मी फिटरला नाव घातलं तेव्हा माझ्या चुलत्यांनी वडिलांना विचारलं होतं, "पोरगं इतकं ढ आहे का?" तीस वर्षांत प्रश्न थोडा सभ्य झाला, एवढाच फरक.

मी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे जिथे हत्यारं आणि साचे बनतात तिथे, अकरा वर्षं काढली आणि आता नाशिकमध्येच निदेशक आहे, म्हणजे मुलांना हेच काम शिकवतो. तेव्हा मी काही तटस्थ माणूस नाही, हे धरून वाचा.

तुमच्या प्रश्नातला "टाकू का" हा शब्दच बघा. सायन्सलाही लोक टाकतात म्हणा, पण "सायन्सला टाकलं" म्हणताना आवाज चढतो आणि "आयटीआयला टाकलं" म्हणताना पडतो.

आमच्याकडे मूल आलं की पहिले काही आठवडे ते फक्त कानस, म्हणजे लोखंड घासायची दातेरी पट्टी, चालवतं. वाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या पकडीत, लोखंडाचा तुकडा घट्ट धरायचा आणि त्याचा एक पृष्ठभाग सपाट करायचा, बस. ऐकायला सोपं आहे. नवख्या पोराचे हात कानशीबरोबर झुलतात, त्यामुळे दोन्ही कडा उतरतात आणि मधे पोट येतं. मग तुकड्यावर ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, ठेवून ट्यूबलाइटसमोर धरायला सांगतो. कडेला उजेडाची रेघ दिसते. पोरगं मधलं पोट घासतं, परत धरतं, आता उजेड दुसऱ्या कोपऱ्यातून येतो. गेल्या वर्षी पेठ तालुक्यातला एक मुलगा असा चार दिवस एकाच तुकड्याशी झगडत होता. तळहाताला फोड आले, बोलला काही नाही. पाचव्या दिवशी तुकडा उजेडाला धरला तर रेघ नव्हती. तो मला दाखवायलाही आला नाही, स्वतःच दोन-तीनदा धरून बघत राहिला. पुढे याच हातांनी दोन भाग एकमेकांत बसवायचे असतात, व्हर्नियर या बारीक मोजपट्टीवर ०.०२ मिलिमीटरचा हिशोब ठेवून. हे "डोकं नसलेल्यांचं काम" आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक शनिवार आमच्या वर्कशॉपमध्ये काढावा. चहा माझ्याकडून.

मग कमी का लेखतात? माझ्या मते याचं मूळ आयटीआयपेक्षा फार जुनं आहे. सरकारी कागदावर आमच्या ट्रेडची मराठी नावं आहेत: फिटर म्हणजे जोडारी, वेल्डर म्हणजे संधाता, टर्नर म्हणजे कातारी. यातलं कातारी हे लाकूड कातणाऱ्यांच्या जातीचंही नाव आहे. लोहार, सुतार, कातारी यांनी हातात कला ठेवली, पण पोथी दुसऱ्यांच्या घरात राहिली. ज्याने केलं त्याने लिहिलं नाही, ज्याने लिहिलं त्याने हात लावला नाही, आणि शाळा आली ती लिहिणाऱ्यांच्या अंगणात. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडलं होतं की शिक्षणावरचा पैसा रयतेच्या करातून येतो आणि फायदा वरच्यांना होतो. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची जी यादी त्यांनी दिली, तिच्यात मोडी, बाळबोध आणि हिशोबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही होतं. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं. पुढे कोठारी आयोगाने (१९६४ ते ६६) कार्यानुभवाची शिफारस केली. त्या कार्यानुभवाचं आपल्या शाळांत काय झालं ते तुम्हालाही आठवत असेल. आमच्या वर्गात त्या तासाला गणिताचा मागे राहिलेला भाग उरकायचे, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं मेनरोडवरून मेणबत्त्या विकत आणून "स्वतः तयार केलेली वस्तू" म्हणून ठेवायची. सगळ्यांना पैकीच्या पैकी!

पण नुसत्या हातकामाचा तिटकारा म्हणावं तर ते पुरं पडत नाही, कारण नाशिकमध्येच त्याला छेद जातो. ओझरच्या एचएएलमध्ये, जिथे मिग विमानं बनायची, किंवा नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये आयटीआय झालेला मुलगा लागला की त्याच्या घरी मुलींच्या स्थळांची रांग लागायची. "प्रेसमध्ये आहे" एवढं सांगितलं की पुढे कोणी शिक्षण विचारत नसे. हात तेच, काळी नखं तीच. फरक होता तो कायम नोकरीचा. आज अंबड किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत तोच फिटर कधी ठेकेदाराचा माणूस असतो, कधी नुसता "ट्रेनी", आणि सोयरिकीच्या बैठकीत हे दहा मिनिटांत बाहेर येतं. म्हणजे मामा जे बोलले त्यात थोडी भीती खरी आहे. ती त्यांनी चुकीच्या शब्दांत सांगितली, इतकंच.

दुसरी गोष्ट पदव्यांच्या महागाईची. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं आणि महाराष्ट्रात इंजिनिअर उदंड झाले. मी लागलो तेव्हा ज्या मशीनवर आयटीआयचा मुलगा उभा राहायचा, त्याच कामाला आता डिप्लोमावाले अर्ज करतात, कधी कधी बीईवालेसुद्धा. काम काही अवघड झालेलं नाही, उलट सीएनसीमुळे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनमुळे, काही बाबतीत सोपंच झालंय. पण नोटा जास्त छापल्या की रुपया पडतो, हे नाशिकरोडच्या लोकांना मी काय सांगणार.

तिसरं कारण सांगताना मला जरा लाज वाटते, कारण त्यात मीही आहे. आम्ही मुलांना ट्रेड शिकवतो, पण त्याबरोबर न सांगता आणखी बरंच शिकवतो. रांगेत उभं राहा, टोकन देऊन हत्यार घे, गणवेश घाल, विचारल्याशिवाय बोलू नको. शिक्षणाच्या समाजशास्त्रात याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात. इंजिनिअरिंगच्या मुलाला त्याच वयात सेमिनार द्यायला लावतात, "तुझं मत काय" विचारतात. एकाला आज्ञा पाळण्याची सवय लागते, दुसऱ्याला आज्ञा देण्याची.

एका भरतीला मी बाजूला बसलो होतो. माझा सगळ्यात चांगला हात असलेला मुलगा आत आला. ड्रॉइंग समोर ठेवून साहेबांनी विचारलं, "हे कसं करशील?" तो म्हणाला, "येतं सर." आणि गप्प. मी मनातल्या मनात ओरडत होतो की बोल रे, आधी मार्किंग, मग हॅकसॉ, मग कानस. त्याच्यानंतर गंगापूर रोडचा एक शिक्षकाचा मुलगा आला. कामात मध्यम, पण "सर, माझ्या मते..." अशी सुरुवात केली आणि दहा मिनिटं बोलला. निवड त्याची झाली. पिएर बोर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने याला सांस्कृतिक भांडवल म्हटलंय: घरातून फुकट मिळालेली बोलण्या-वागण्याची पुंजी, जी पुढे गुणवत्ता म्हणून मोजली जाते. त्या दिवसापासून मी माझ्या बॅचला दर शुक्रवारी आपापला जॉब हातात घेऊन सगळ्यांसमोर बोलायला लावतो. पहिले दोन महिने पोरं मला शिव्या घालत असणार.

आणि आता कबुली. माझ्या मुलीला दहावीला ८८ टक्के होते. लहानपणी ती माझ्या व्हर्नियरने पेन्सिली मोजायची. तिने विचारलं, "पप्पा, मी मशिनिस्ट केलं तर?" मी म्हणालो, आधी बारावी कर. विषय संपला. आता ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. म्हणून मामांवर मी फार रागावू शकत नाही.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर घाला. त्याला स्वतःला यायचंय, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांबद्दल मला तसं म्हणता येत नाही. शासकीय संस्थेला पहिली पसंती द्या. फिटर दोन वर्षांचा आहे. तो झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमानंतर डिग्रीच्याही दुसऱ्या वर्षाला, म्हणजे वाट बंद होत नाही. नोकरी करत शिकायचं झालं तर १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आपल्या गावातच आहे. कंपनीत घेतील तेव्हा एक गोष्ट नक्की विचारा: हा शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ खाली नोंदलेला अप्रेंटिस आहे की नुसता ट्रेनी? करार कागदावर मागा. शिकाऊ उमेदवाराला ठरलेलं विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. नुसत्या ट्रेनीला बहुतेक वेळा फक्त रात्रपाळी मिळते.

प्रवेश झाल्यावर सेफ्टी शूज लगेच घ्या, चपलेवर आम्ही वर्कशॉपमध्ये उभं करत नाही. पहिल्या महिन्यात हाताला फोड येतील, तेव्हा घरी खोबरेल तेल असू द्या. आणि मामा नाशिकला आले तर त्यांना एकदा घेऊन या, शनिवारचं वर सांगितलंच आहे.