बेकरला थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका

पहिल्यांदाच लॉस एंजेलिसहून डेथ व्हॅलीच्या वाळवंटात निघालाय ना? मग आधी बेकर समजून घ्या. आय-15 महामार्गावरचं एवढंसं गाव, एकच मुख्य रस्ता. पण उत्तरेला डेथ व्हॅलीकडे जाणारा 127 नंबरचा रस्ता इथूनच फुटतो. टोनोपा अँड टाइडवॉटर रेल्वेचं हे जुनं स्टेशन. रेल्वे गेली, गाव वाटसरूंवर तगलं. मला त्याबद्दल फार माया आहे.

नवखे लोक हमखास चुकतात ते इथे:

- टाकी अर्धी आहे म्हणून तसेच पुढे जातात. डेथ व्हॅलीतली मुख्य वस्ती, फर्नेस क्रीक, इथून शंभराहून जास्त मैल आहे. महाग वाटलं तरी बेकरलाच टाकी फुल करा.
- पाणी कमी घेतात. माणशी रोज किमान एक गॅलन हवंच, गाडीसाठी वेगळं.
- फोनवर विसंबतात. गाव मागे पडलं की रेंज जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या.

गावातला 134 फुटी थर्मामीटर लांबूनच दिसतो. 1913 साली डेथ व्हॅलीत नोंदलेल्या 134 अंश फॅरनहाइटची ती आठवण. जुलैत एकदा भर दुपारी त्याच्याजवळ गाडी लावली, दहा मिनिटांनी परत आलो तर सीटबेल्टच्या बक्कलाचा चटका बसला. म्हणून पहिली खेप नोव्हेंबर ते मार्चमध्येच करा.

कच्च्या रस्त्यांचं आत्ता डोक्यात घेऊ नका. डांबरी रस्त्यावरूनही भरपूर बघून होतं. निघायची तारीख ठरली की कळवा, कुठे कुठे थांबायचं ते सांगतो.