पुण्यात आम्ही पाच जण ऑनलाइन डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ) खेळतो. अ‍ॅपचा वीस बाजूंचा फासा सारखा १ दाखवतो. तो खोटा आहे का?

बहुधा नाही. पाच जणांनी मिळून संध्याकाळभरात १०० वेळा टाकला, तर १ सरासरी ५ वेळा येणारच. डाव घालवतो म्हणून तोच लक्षात राहतो. खात्रीसाठी ४०० फेका नोंदवा. प्रत्येक बाजू २० च्या आसपास यावी, १२ ते २८ चालतं. एखादी जरा बाहेर गेली तर पुन्हा ४०० घ्या. फासा ग्रुपमधल्या कोणी स्वतः लिहिला असेल, तर मात्र कोड बघाच. कॉम्प्युटरने दिलेल्या ० ते २५५ मधल्या कुठल्याही आकड्याला २० ने भागून बाकीत १ मिळवला, तर १७ ते २० ला प्रत्येकी १२ संधी मिळतात, इतरांना १३. नेमके मोठे, म्हणजे चांगले आकडेच मार खातात! २४० किंवा त्यावरचा आकडा सोडून नवा घ्या, की फरक जातो.