साबुदाणा खिचडी घरी चिकट का होते, इंदूरच्या सराफ्यातली (तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारातली) मोकळी कशी?

चिकट होते ती मुख्यतः दाण्यांवरच्या सुट्या स्टार्चमुळे आणि भिजवताना जास्त पडलेल्या पाण्यामुळे. मी फूड टेक्नॉलॉजी शिकवते, स्टार्च हाच माझा विषय. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचा, म्हणजे कसावा या कंदाचा, जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात अमायलोज (सरळ साखळीचा स्टार्च) साधारण १७ ते २० टक्केच, बाकी सगळं फांद्याफांद्यांचं, चिकटपणा देणारं अमायलोपेक्टिन, आणि ६०-७० डिग्रीच्या आसपास ह्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात, मग त्याची खळ होते. दाण्यावर सुटी पावडर राहिली असेल तर आधी तिचीच खळ होते आणि दाणे एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत चोळून धुवा, हे खरंच टाळू नका. मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून भिजवा, दाणा बोटांत दाबला की पूर्ण चुरडला पाहिजे, मधे कडक कणी लागली तर पाण्याचा हबका मारून अजून ठेवा. शेंगदाण्याचं कूट आधीच, भिजून कोरड्या झालेल्या साबुदाण्यात कालवलं की त्याचं तेल आणि भुगा साबुदाण्यांच्या मधे येतो आणि ते एकमेकांना कमी चिकटतात. सराफ्यात खिचडी उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर ठेवतात, परतत बसत नाहीत, त्यामुळे दाणे मोडतही नाहीत आणि गार होऊन कडकही होत नाहीत, कारण गार झालं की स्टार्चच्या साखळ्या परत जवळ येऊन घट्ट होतात. घरी चाळणीत वाफवून बघा, मस्त होते. फक्त हे सगळं साध्या साबुदाण्याचं झालं, नायलॉन साबुदाणा आधीच वाफवून सुकवलेला असतो, त्याला हे माप चालणार नाही.