खाडीचं पाणी सुधारलं, मग चिखलाचं काय?

प्रश्न : आम्ही ऐरोलीकडचे, घर पिढ्यान्‌पिढ्या खाडीवरच चाललंय. सासूबाई अजून ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या, निवट्या काढतात. आता फ्लेमिंगो येतात, खाडीला रामसरचा, म्हणजे जगात महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, पाणीही पूर्वीसारखं रंगीत दिसत नाही. तरी एका कार्यक्रमात ऐकलं की चिखलात शिसं, पारा असले जड धातू आहेत. पाणी बरं असेल तर चिखल वाईट कसा? आणि शिंपल्या खायच्या की नाही?

उत्तर : ताई, पाण्यावरून चिखलाचा अंदाज बांधूच नका. पाणी रोज दोनदा भरती-ओहोटीने बदलतं, चिखल तिथेच राहतो. शिसं, पारा, कॅडमियम हे पाण्यात फार वेळ विरघळून राहत नाहीत, बारीक मातीच्या कणांना, लोहाच्या गंजाला, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याला चिकटतात, आणि गोडं पाणी खाऱ्यात मिसळलं की हे कण एकमेकांना धरून तळाला बसतात. ठाण्याची खाडी वरच्या अंगाला चिंचोळी, तिथे पाण्याचा जोर कमी, त्यामुळे बसलेला गाळ सहज बाहेर जात नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६० च्या दशकापासून कारखाने आले, आणि खाडीतल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा पेपर १९८१ सालीच छापून आलाय. म्हणजे हे काही काल-परवा निघालेलं प्रकरण नाही. तेव्हाचं जे आलं ते नंतरच्या गाळाखाली दबलेलं असतं, आणि धातू काही प्लास्टिकसारखा तुटत नाही की सांडपाण्यासारखा कुजत नाही. (फ्लेमिंगोंचं म्हणाल तर ते खातात ते शेवाळ, सांडपाण्यावर जोरात वाढणारं, त्यामुळे त्यांच्या येण्यावरून पाऱ्याचं काहीच कळत नाही.)

सासूबाईंना विचारा, त्यांना हे पायाला माहीत असेल. वर बोटभर तपकिरी चिखल, तो खरवडला की खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचा. त्या काळ्या थरात ऑक्सिजन नसतो, तिथले जीवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगतात आणि सल्फाइड (दोन्ही गंधकाची संयुगं) तयार करतात, ते बरेचसे धातू घट्ट धरून ठेवतं. हे आपल्या फायद्याचं. पण त्यातलेच काही जीवाणू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, आणि तो खरा त्रासाचा, कारण तो मासळीच्या मांसात शिरतो आणि छोट्या माशाकडून मोठ्याकडे जाताना वाढत जातो.

आता खाण्याचं. शिंपल्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की रेती निघते, धातू निघत नाहीत. शिजवून, तळूनही जात नाहीत. चिंबोरीच्या कवटीतला पिवळसर-तपकिरी गर सगळ्यांना आवडतो, पण कॅडमियम साठतं ते जास्त करून तिथेच, म्हणून गरोदर बायकांना आणि लहान पोरांना तो देऊ नका. आणि नाल्याच्या तोंडाशी, कारखान्यांच्या पाइपाजवळ काढलेलं तर कुणीच खाऊ नये. बाकी शिंपल्या बंद करा असं मी तपासणीशिवाय म्हणणार नाही, ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना असं हवेत बोलून चालत नाही. तपासणी मात्र मागाच. आणि पाण्याची नाही, शिंपल्यांच्या मांसाची मागा.

प्रश्न : मी एमएस्सी करतेय. श्रीवर्धनजवळच्या खाडीतून गाळ आणला, तांबं १०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत १०० भाग) वर निघालं. पुस्तकात सरासरी ४५ दिलीय. तिथे कारखाना नाही, तरी प्रदूषण लिहू का?

उत्तर : एवढ्यात लिहू नकोस. ते ४५ म्हणजे जगभरच्या शेल खडकाची (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) १९६१ साली काढलेली सरासरी. आपल्या कोकणच्या पाठीशी सह्याद्रीचा बेसॉल्ट आहे, त्यात १००-२०० पीपीएम तांबं मुळातच असतं, क्रोमियम आणि निकेलचंही थोडंफार तसंच. डोंगर झिजला की तेच खाडीत येणार ना! तुलना करायची तर त्याच खाडीत खोल पाइप घालून उभा गाभा काढ, कारखान्यांच्या आधीच्या काळातला खालचा थर हा तुझा खरा आधार. शिसं-२१० ने (शिशाचं किरणोत्सारी रूप) थरांचं वय काढता येतं, साधारण शंभरेक वर्षं मागे जाता येतं. शिवाय प्रत्येक धातूला ॲल्युमिनियमने (ते चिकणमाती किती आहे याचं माप) भाग दे, कारण बारीक चिकणमातीत धातू जास्त आणि रेतीत कमी असतातच, ते गणितातून काढलं नाहीस तर तू प्रदूषण नाही, कणांचा आकार मोजतेयस.

प्रश्न : आमच्या खाडीत होड्या रुततात. गावकी म्हणते सगळा गाळ उपसून टाका, म्हणजे विषही जाईल. बरोबर ना?

उत्तर : होडीची वाट मोकळी करणं वेगळं आणि विष काढणं वेगळं. काळा थर उपसला की त्याला हवा लागते, सल्फाइड मोडतं आणि इतकी वर्षं धरलेला धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतो. वर तो गाळ टाकणार कुठे? तिवरांत, की कुणाच्या खाजणात? जपानात मिनामाताच्या कारखान्याने १९६८ पर्यंत पारा खाडीत सोडला, मग २५ पीपीएमपेक्षा जास्त पारा असलेला गाळ काढायला १९७७ ते १९९० लागली. उपसलेला गाळ बांध घालून आत बंद केला, ५८ हेक्टर नवी जमीन झाली, आणि मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाला लावलेलं जाळं १९९७ मध्ये काढलं. तुमच्या गावकीने ठराव करताना एवढं लिहावं: उपसण्याआधी वरचा आणि खालचा थर वेगवेगळा तपासा, जेवढी वाट लागते तेवढीच उपसा, आणि गाळ कुठे जाणार ती जागा आधी दाखवा.