अळू चिरताना हात का खाजतात?

प्रश्न : दादरच्या बाजारातून फतफत्यासाठी अळू आणलं. चिरताना हात खाजले, खाताना घसाही. काय चुकलं? (एक वाचक, परळ)

उत्तर : अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते टोचतात. पानं धुऊन पूर्ण कोरडी करा, हातांना खोबरेल तेल चोळा. देठ सोला, पानांची घट्ट गुंडाळी करून बारीक चिरा. सुरी धारदारच हवी. बोथट सुरीनं पान चेचतं आणि रस हाताला लागतो. घसा खाजला तो बहुधा अळू कमी शिजल्यानं. हरभरा डाळीसोबत कुकरच्या ४ शिट्ट्या करा, घोटा, मगच चिंचेचा कोळ घालून १० मिनिटं उकळा. चिंच आधी पडली तर डाळ शिजतच नाही!