वाचकांचे प्रश्न : डॅशबोर्डवरचा आकडा खरा कसा मानायचा?

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत तीन मोल्डिंग लाइन आहेत. गेल्या महिन्यात डॅशबोर्डवर रिजेक्शन (नापास मालाचं प्रमाण) ६ टक्क्यांवरून एकदम २ वर आलं. चार दिवसांनी कळलं, एका लाइनच्या रिजेक्शनच्या नोंदीच येत नव्हत्या. डेटा आणणारा प्रोग्रॅम (जॉब) मात्र रोज 'सक्सेस' दाखवत होता. डेटा ऑब्झर्व्हेबिलिटीचं, म्हणजे डेटा नीट येतोय का यावर नजर ठेवणारं, टूल विकत घ्यावं का? (शिरोली एमआयडीसी)

उत्तर : इतक्यात नको. 'सक्सेस' म्हणजे प्रोग्रॅम न अडखळता संपला, एवढंच. शून्य ओळी वाचून संपला तरी तो सक्सेसच. त्या लाइनचं उत्पादन नोंदलं जात होतं आणि रिजेक्शन नाही, म्हणजे भागाकारात खालचा आकडा तसाच राहिला नि वरचा घटला. टक्केवारी सुधारणारच! आकडा बिघडला की सगळे धावतात, सुधारला की कोणी विचारत नाही. म्हणून अचानक झालेल्या सुधारणेवरही इशारा लावा.

ही टूल्स मुख्यतः पाच गोष्टींवर नजर ठेवतात : डेटा वेळेवर आला का, पुरेसा आला का, आकडे नेहमीच्या पट्ट्यात आहेत का, रकाने बदलले का आणि कुठला आकडा कुठून आला. तुमचं दुखणं पहिल्या दोनमधलं आहे. डीबीटी (dbt), सोडा कोअर, ग्रेट एक्स्पेक्टेशन्स या टूल्सच्या मोफत आवृत्त्यांत ते काम भागतं. मोंटे कार्लोसारखी महागडी सेवा शेकडो टेबलं असलेल्या कंपन्यांसाठी ठीक. एका पोस्टग्रेस डेटाबेसवर चालणाऱ्या कारखान्याला ती जड जाईल.

पण मोफत टूलमध्येही एक खोच आहे. डीबीटीची ताजेपणाची तपासणी एरवी अख्ख्या टेबलातली सगळ्यात नवी वेळ बघते. दोन लाइन चालू नि तिसरी गप्प असेल, तरी टेबल ताजंच दिसतं. त्यामुळे तपासणी लाइनवार आणि शिफ्टवार लावा. ओळींची तुलना कालच्या दिवसाशी न करता मागच्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराशी करा. निम्म्याहून कमी ओळी आल्या तर इशारा. स्टॅगरिंगची (विजेच्या भारानुसार ठरलेली आठवड्याची) सुट्टी आणि गौरी-गणपतीचे दिवस वेगळ्या टेबलात भरून ठेवा, नाहीतर सणाच्या दिवशी फोन वाजत बसेल. रिजेक्शन खरोखरच शून्य असेल, तर सुपरवायझरने '०' अशी ओळ भरायची. नोंद नसणं आणि शून्य असणं यातला फरक मशीनला आपोआप कळत नाही.

आणखी एक जागा तपासा. सर्व्हर यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक) वेळ लावत असेल, तर आपल्या रात्री १२ ते पहाटे ५.३० मधल्या हीट (भट्टीत वितळवलेले घाणे) आदल्या तारखेला पडतात. रात्रपाळीचे आकडे फर्नेसच्या लॉगबुकशी जुळत नसतील, तर आधी संशय इथेच घ्या.

प्रश्न : आमच्या दूध संकलनाच्या डेटावर तपासण्या लावल्या, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज तीस-चाळीस इशारे येतात. आता कोणी बघतच नाही. (कागल तालुका)

उत्तर : ग्रुप बंद करा. सगळ्यांना गेलेला इशारा कोणाचाच नसतो. प्रत्येक तपासणीपुढे एका माणसाचं नाव हवं. ज्यामुळे उत्पादकाचं बिल चुकेल तेवढ्याच गोष्टींवर लगेच मेसेज जावा. बाकीच्या सकाळच्या एका यादीत. एखाद्या इशाऱ्यावर महिनाभर कोणी काहीच केलं नाही, तर त्याची मर्यादा बदला किंवा तो काढून टाका.

मर्यादा जनावरानुसार ठेवा. म्हैस आणि गाय यांना एकच पट्टा लावला की गाईच्या कोडवर पडलेलं ६.८ फॅट बिनबोभाट पास होतं. दूध म्हशीचं नि कोड गाईचा, ही अशा केंद्रांवरची अगदी नेहमीची चूक. दुसरी याहून लबाड : ओळीने दहा-बारा सभासदांचं फॅट तंतोतंत ६.४. आकडा पट्ट्यात बसतो, म्हणून साधी तपासणी गप्प राहते; पण वेगवेगळ्या गोठ्यांचं दूध इतकं एकसारखं नसतं. मशीन नीट धुतलं गेलं नसेल, किंवा जुनंच रीडिंग पुन्हा पाठवलं जात असेल. सलग पाच नोंदींत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दोन्ही तेच आले, तर केंद्रचालकाला लगेच फोन जायला हवा. संकलन चालू असतानाच. बिलं निघाल्यावर नव्हे.

प्रश्न : चपला ऑनलाइन विकतो. एक्सेलमध्ये ऑर्डर नंबरांचे शेवटचे आकडे शून्य होतात, मग परतीचा माल जुळत नाही. (कोल्हापूर शहर)

उत्तर : एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं. सीएसव्ही फाइल डबल-क्लिक करून उघडली की १७ अंकी नंबर संख्या समजला जातो नि शेवटचे दोन अंक जातात. ते परत येत नाहीत, फाइल पोर्टलवरून पुन्हाच उतरवावी लागते. या वेळी 'डेटा' टॅबमधून आयात करा आणि तो रकाना 'टेक्स्ट' ठेवा. एवढं केलं तरी काउंटइफ (एखादी नोंद किती वेळा आली ते मोजणारं सूत्र) फसवतं : ते टेक्स्टमधल्या नंबरालाही संख्या मानून १५ अंकांवरच जुळवतं, त्यामुळे वेगळ्या ऑर्डरी दुबार दिसतात. शेजारच्या रकान्यात प्रत्येक नंबरापुढे एक अक्षर जोडा, 'क' चालेल, आणि मोजणी त्या रकान्यावर करा.